नायजेरियाचे आकाश आणि जमिनीवरचे अडथळे

१० डिसेंबर २००५ या दिवशी नायजेरियाची राजधानी अबुजा येथून एक प्रवासी विमान दक्षिणेकडील पोर्ट हारकोर्ट शहराकडे निघाले. नाताळची सुटी लागली होती. विमानात एकशे दहा माणसे होती आणि त्यांपैकी एकसष्ट जण हे अबुजा येथील लॉयोला जेझुइट कॉलेज या निवासी शाळेचे विद्यार्थी होते. सुटीसाठी घरी परतणारी ही मुले; प्रवास जेमतेम तासाभराचा. पोर्ट हारकोर्टवर त्या वेळी वादळी पाऊस होता. विमान धावपट्टीवर उतरण्याऐवजी तिच्या बाजूच्या जमिनीवर आदळले, तेथून घसरत जाऊन काँक्रीटच्या एका उघड्या मोरीवर धडकले आणि त्याचे तुकडे होऊन पेट घेतला. १०८ जण दगावले. एकसष्ट विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी तेवढी वाचली.

पुढे चौकशी झाली. धावपट्टी दिसत नसतानाही वैमानिकांनी विमान ठरलेल्या उंचीच्या खाली नेले, हा मुख्य ठपका होता. परंतु अहवालात आणखी दोन गोष्टींची नोंद आहे. धावपट्टीचे दिवे त्या वेळी लावलेले नव्हते, त्यामुळे ती दिसण्यास अडथळा झाला असावा, ही एक. आणि ती उघडी मोरी वाटेत नसती तर विमानाचे असे तुकडे झाले नसते, ही दुसरी. वैमानिकाची चूक ही एका माणसाची, एका क्षणाची चूक असते. न लावलेला दिवा आणि न झाकलेले गटार या मात्र व्यवस्थेच्या चुका आहेत; त्या एका क्षणात घडत नाहीत, वर्षानुवर्षे साचत जातात. पश्चिम आफ्रिकेतील या सर्वाधिक लोकसंख्येच्या देशात देशांतर्गत विमानवाहतूक का रुजत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणाराने आकाशाकडे पाहण्याऐवजी आधी या जमिनीकडे पाहावे, हे श्रेयस्कर.

गरज नाही, असे नाही

विमानप्रवास ही श्रीमंतांची चैन, गरीब देशाला ती हवीच कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. नायजेरियाचा नकाशा त्याला परस्पर उत्तर देतो. सव्वानऊ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश, बावीस कोटींच्या घरातली लोकसंख्या, छत्तीस राज्ये आणि एक राजधानी क्षेत्र. व्यापाराचे महानगर लागोस नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात समुद्राला लागून, तर मैदुगुरी ईशान्येला चाड सरोवराच्या दिशेने, विमानाच्या सरळ रेषेतही सुमारे बाराशे किलोमीटरवर. राजधानी १९९१ मध्ये लागोसहून अबुजाला हलविली गेली ती देशाच्या मध्यभागी असावी म्हणून. पण त्यामुळे व्यापार एका टोकाला आणि राज्यकारभार पाचशे किलोमीटरवर, अशी विभागणी झाली. ब्रिटिशांनी बांधलेली अरुंद रुळांची रेल्वे निकामी होत गेली. नव्या रुंद मार्गांपैकी अबुजा–कडुना २०१६ मध्ये आणि लागोस–इबादान २०२१ मध्ये सुरू झाला. देशाच्या विस्ताराच्या मानाने ही दोन छोटी ठिगळेच होत.

राहिला रस्ता. तो खाचखळग्यांचा आहे एवढेच दुःख असते तर लोकांनी ते सोसले असते. गेल्या काही वर्षांत अनेक महामार्गांवर प्रवाशांना पळवून नेऊन खंडणी मागण्याचा धंदाच उभा राहिला आहे. २८ मार्च २०२२ रोजी अबुजाहून कडुनाला जाणारी आगगाडी सुरुंग लावून थांबविण्यात आली. काही प्रवासी मारले गेले, साठांहून अधिक ओलीस नेले गेले आणि त्यांतील शेवटचे काही जण सुटले ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्या देशात रस्त्याचे भय म्हणून लोक गाडीकडे वळले, तेथे गाडीचेही भय निर्माण झाले. अशा देशात विमानाचे तिकीट हे वेळ वाचविण्याचे साधन उरत नाही. पुष्कळांच्या दृष्टीने ते जीव वाचविण्याचे साधन ठरते. त्याला चैन म्हणणे ही क्रूर थट्टा होईल.

असे असूनही ये-जा मिळून देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या तेथे वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास घुटमळते आहे. २०२४ मध्ये भारतात हीच संख्या सोळा कोटींवर गेली. भारताची लोकसंख्या नायजेरियाच्या सहापट आहे हे जमेस धरले तरी हा फरक लोकसंख्येचा नव्हे, हे उघड आहे.

एका राष्ट्रीय कंपनीचा अंत

नायजेरियाला विमान नवे नाही. १९२५ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची विमाने कैरोहून कानोला येऊन उतरली होती. १९४६ मध्ये ब्रिटनच्या चार पश्चिम आफ्रिकी वसाहतींसाठी मिळून एक विमान कंपनी निघाली. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तशी ती विसर्जित होत गेली आणि तिच्या नायजेरियातील अवशेषांतून १९५८ मध्ये राष्ट्रीय कंपनी उभी राहिली. तीच पुढे ‘नायजेरिया एअरवेज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती वाढल्या, सरकारच्या हाती पैसा खेळू लागला, लागोसला १९७९ मध्ये नवे भव्य विमानतळ बांधले गेले. आता या देशाला मागे वळून पाहावे लागणार नाही, असे तेव्हा वाटत होते.

पण नव्या देशाचा ध्वज शेपटीवर मिरविणाऱ्या या कंपनीला तिच्या मालकाने कधी कंपनी म्हणून वागविलेच नाही. नोकऱ्या द्यावयाच्या तर तेथे, सरकारी पाहुण्यांना फुकट न्यावयाचे तर तिने, तोट्याचा मार्ग चालवावयाचा तर तिनेच. तिकिटाचे दर मात्र सरकार ठरविणार. मध्यंतरी डच कंपनी केएलएमला दोन वर्षे कारभार पाहण्यास बोलाविले गेले. त्यांचा करार संपला आणि जुनी घडी पुन्हा बसली. विमाने कमी होत गेली, कर्ज वाढत गेले. अखेर २००३ मध्ये सरकारने ही कंपनी मोडीत काढली, तेव्हा उडण्याजोगे विमान तिच्याजवळ जवळजवळ उरलेच नव्हते.

या अंताची एक बाजू फारशी बोलली जात नाही. हजारो कर्मचाऱ्यांची देणी थकली होती. कारकून, यंत्रज्ञ, हवाई सेविका, भांडारपाल अशी ही माणसे वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिली, मोर्चे काढीत राहिली. कितीएक वाट पाहतापाहता मरण पावली. थकबाकीचा मोठा हप्ता सरकारने दिला तो २०१८ मध्ये, म्हणजे कंपनी बुडाल्यानंतर पंधरा वर्षांनी. विमान कंपनी बुडते तेव्हा वर्तमानपत्रांत विमानांचे छायाचित्र येते. खाली जमिनीवर बुडालेली माणसे त्या चौकटीत मावत नाहीत.

याचा धडा घेतला गेला असता तर बरे झाले असते. परंतु राष्ट्रीय कंपनीचा मोह सुटलेला नाही. २०१८ मध्ये लंडनजवळच्या फार्नबरो येथील विमान प्रदर्शनात ‘नायजेरिया एअर’ या नव्या राष्ट्रीय कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह यांचे थाटात अनावरण झाले. दोन महिन्यांतच प्रकल्प थांबविला गेला. मे २०२३ मध्ये अध्यक्ष बुहारी यांची कारकीर्द संपण्यास तीन दिवस उरले असताना या कंपनीच्या रंगाचे एक विमान अबुजाला उतरले. ते इथिओपियाच्या विमान कंपनीचे निघाले, काही दिवसांनी परत गेले, आणि नव्या सरकारने ऑगस्टमध्ये योजनाच स्थगित केली. विमानाला रंग देणे सोपे असते. त्याच्यामागे संस्था उभी करणे अवघड असते, एवढेच यातून दिसले.

खाजगी कंपन्यांचे अल्पायुष्य

सरकारला जमले नाही ते खाजगी भांडवलाने साधेल, हा विचार ऐंशीच्या दशकात पुढे आला. ओकाडा, काबो, एडीसी, बेलव्ह्यू, सोसोलिसो, चांचांगी अशा अनेक कंपन्या निघाल्या. यांतील बहुतेक एकेका धनिकाच्या मालकीच्या. मालक हाच अध्यक्ष, तोच व्यवस्थापक. परदेशांत वापरून झालेली जुनी विमाने स्वस्तात आणावयाची आणि चालतील तोवर चालवावयाची, ही रीत. पैसा हाती येई, पण पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तो बाजूला ठेवला जात नसे. विमानाचा व्यवसाय ट्रकच्या व्यवसायासारखा करता येत नाही. ट्रक रस्त्यात बंद पडला तर कडेला उभा करता येतो.

२००५ मध्ये ब्रिटनच्या व्हर्जिन कंपनीच्या भागीदारीने एक मोठी कंपनी सुरू झाली. तिने देशांतर्गत विमाने लागोसच्या कोणत्या इमारतीतून सोडावीत, यावरून सरकारशी वाद झाला. भागीदार कंटाळून बाहेर पडला, कंपनीने दोनदा नाव बदलले आणि २०१२ मध्ये ती बंद पडली. एके काळी देशातील सर्वांत मोठी झालेली एरिक एअर ही कंपनी २०१७ मध्ये कर्जात बुडाल्यामुळे बुडीत कर्जे हाताळणाऱ्या सरकारी महामंडळाला ताब्यात घ्यावी लागली. नावे बदलतात, कथानक तेच राहते.

सुरक्षिततेची किंमत आणि तिचे फळ

२२ ऑक्टोबर २००५ रोजी लागोसहून अबुजाला निघालेले बेलव्ह्यू कंपनीचे विमान कोसळून ११७ जण ठार झाले. त्यानंतर सात आठवड्यांनी पोर्ट हारकोर्टचा अपघात झाला. २९ ऑक्टोबर २००६ रोजी अबुजाहून उडालेले एडीसी कंपनीचे विमान कोसळले. मृतांत सोकोटोचे सुलतान मुहम्मदू मच्चिदो होते. साधारण वर्षभरात तीन मोठे अपघात, तीनशेहून अधिक बळी. लोकांचा विश्वास उडाला, यात नवल नाही.

येथे मात्र नायजेरियाच्या पदरात श्रेय टाकले पाहिजे. २००६ मध्ये नवा नागरी विमानवाहतूक कायदा झाला. नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेला मंत्रालयाच्या हुकमतीतून बाहेर काढून स्वायत्तता दिली गेली. तिकिटाच्या विक्रीवरील पाच टक्के आकारणीतून तिच्या खर्चाची सोय झाली. जुनाट विमाने आणण्यावर बंधने आली, अनेक कंपन्यांना टाळे लागले, रडार बसविले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने नायजेरियाला पहिल्या श्रेणीचा दर्जा दिला. ३ जून २०१२ रोजी डाना एअरचे विमान लागोसच्या वस्तीवर कोसळून विमानातील सर्व १५३ आणि जमिनीवरील सहा जण ठार झाले, तेव्हा हे सारे पुन्हा पुसले जाते की काय असे वाटले. परंतु त्यानंतर तेथील नियमित मार्गांवरच्या मोठ्या प्रवासी विमानाचा तसा भीषण अपघात झालेला नाही. म्हणजे जे अशक्य वाटत होते ते एका कायद्याने आणि तो पाळण्याच्या निर्धाराने साध्य झाले. तेव्हा इतर अडथळेही दैवाने घातलेले नाहीत, असे मानावयास आधार आहे.

तेलाच्या देशात तेलाचा तुटवडा

आज कंपन्यांच्या गळ्याशी आलेला पहिला फास इंधनाचा आहे. नायजेरिया हा आफ्रिकेतील अग्रगण्य तेल-उत्पादक देश. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे तेल सापडले. पोर्ट हारकोर्ट, वारी, कडुना येथे सरकारी शुद्धीकरण कारखानेही उभारले गेले. पण ते वर्षानुवर्षे निगा न राखल्याने निकामी झाले आणि कच्चे तेल बाहेर पाठवून शुद्ध तेल बाहेरून आणण्याची पाळी आली. ऊस पिकविणाऱ्या गावाने साखरेसाठी परगावी रांग लावावी, तसा हा प्रकार.

आयात केलेले विमान-इंधन लागोसच्या बंदरात उतरते आणि टँकरने शेकडो किलोमीटर रस्त्याने इतर विमानतळांवर जाते. म्हणजे ज्या रस्त्याला टाळण्यासाठी विमान, ते विमान उडण्यासाठी पुन्हा तोच रस्ता. युक्रेनमधील युद्धानंतर २०२२ मध्ये लिटरला दोनशे नायरांच्या आत मिळणारे हे इंधन सातशेवर गेले, आणि देशातील विमान कंपन्यांनी ९ मेपासून सर्व उड्डाणे बंद करण्याची नोटीस दिली. आदल्या दिवशी ती मागे घेण्यात आली. पण त्या वर्षी एरो ही देशातील सर्वांत जुन्या कंपन्यांपैकी एक कंपनी काही महिने बंद राहिलीच.

२०२४ पासून लागोसजवळच्या लेक्की येथील डांगोटे यांचा प्रचंड खाजगी शुद्धीकरण कारखाना विमान-इंधन तयार करू लागला आहे. तुटवड्याची चिंता त्यामुळे हलकी झाली. पण तेलाचा भाव जगाच्या बाजारात डॉलरने ठरतो आणि कंपनीचे उत्पन्न नायरात येते, हा मूळ पेच कारखान्याने सुटत नाही.

नायरात कमाई, डॉलरात देणी

हा पेच साऱ्या व्यवसायाला व्यापून आहे. विमानाचे भाडे डॉलरात, सुटे भाग डॉलरात, विम्याचा हप्ता डॉलरात, वैमानिकांचे वार्षिक प्रशिक्षण परदेशात, मोठी तपासणीही बहुतांशी परदेशात. जून २०२३ मध्ये सरकारने हुंडणावळीचा दर बाजारावर सोडला. तेव्हा डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत होते; पुढील आठ-नऊ महिन्यांत तो दर दीड हजारांपर्यंत गेला. एका रात्रीत नव्हे, पण एका हिशेबी वर्षात प्रत्येक कंपनीचे परदेशी देणे तिपटीने वाढले, आणि प्रवाशाचा पगार होता तेथेच राहिला. कर्ज काढून वेळ निभवावी तर २०२४ अखेर मध्यवर्ती बँकेचाच दर साडेसत्तावीस टक्के होता. व्यापारी बँका त्याहून अधिक मागणार. वीस-पंचवीस वर्षे चालणारे यंत्र अशा व्याजाने घेणारा माणूस एक तर अवतारी असला पाहिजे, नाही तर कर्ज फेडण्याचा त्याचा विचार नसला पाहिजे.

परदेशी मालकाकडून विमान भाडेपट्ट्याने घेण्याचा मार्ग उरतो. पण विमान एकदा त्या देशात गेले आणि भाडे थकले तर न्यायालयीन मनाईहुकमांमुळे ते परत मिळत नाही, अशी नायजेरियाची ख्याती झाली होती. विमानांवरील मालकी हक्कांविषयीचा केपटाऊन करार त्या देशाने पूर्वीच स्वीकारला होता. व्यवहारात तो पाळला जाईलच याची खात्री नव्हती. परिणामी एक तर विमान मिळत नसे, किंवा वैमानिक, दुरुस्ती आणि विमा यांसह ताशी दराने, दामदुप्पट भाड्याने घ्यावे लागे. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील न्यायव्यवस्थेने या कराराची अंमलबजावणी जलद होईल असे निर्देश काढले. ही बातमी आतल्या पानावर गेली असेल. पण नव्या राष्ट्रीय कंपनीच्या दहा बोधचिन्हांपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

या बाबतीत भारताने नाक वर करण्याचे कारण नाही. केपटाऊन करार भारताने २००८ मध्ये स्वीकारला, पण त्याला पूर्ण बळ देणारा कायदा झाला तो २०२५ मध्ये. दरम्यान २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट या तिन्ही कंपन्या जमिनीवर आल्या. जेटच्या मुंबईतील कर्मचाऱ्यांना थकलेल्या वेतनाची जी वाट पाहावी लागली, तिची आठवण असलेल्या कोणालाही नायजेरिया एअरवेजच्या निवृत्तांचे दुःख परके वाटणार नाही.

विमानतळ पुष्कळ, उजेड थोडा

नायजेरियात केंद्र सरकारची वीसहून अधिक विमानतळे आहेत आणि त्यांत राज्यांनी स्वतः बांधलेल्या विमानतळांची भर पडत आहे. यांतील स्वतःचा खर्च भागविणारी तीन-चारच: लागोस, अबुजा, पोर्ट हारकोर्ट आणि फार तर कानो. बाकीची सारी यांच्या कमाईवर जगतात. तरीही प्रत्येक राज्यपालाला आपल्या राज्यात विमानतळ हवेच असते. नायजर नदीच्या पश्चिम तीरावर असाबा येथे २०११ पासून विमानतळ आहे; नदीपलीकडे अनाम्ब्रा राज्याने दुसरे बांधले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यावरून उड्डाणे सुरू झाली. जवळच एनुगू आणि ओवेरी येथे आणखी दोन आहेतच. एकाच टापूतले प्रवासी चार ठिकाणी विभागले गेले की एकाही विमानतळावर विमान भरत नाही, हे गणित सांगावयास अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरीकडे, असलेल्या विमानतळांवर दिव्यांची सोय नाही. पुष्कळ विमानतळे सूर्यास्ताबरोबर बंद होतात. विमान हे उडत असेल तोवरच कमावते. दिवसाला दहा-बारा तास उडू शकणारे यंत्र संध्याकाळी सहाला बांधून ठेवावे लागले, तर त्याचे भाडे मात्र रात्रीही चालूच राहते. सकाळच्या एका उड्डाणाला उशीर झाला की शेवटचे उड्डाण अंधारामुळे रद्द होते. नोव्हेंबर ते मार्च या काळात सहारातून येणारा हरमॅटन वारा धुळीची चादर पसरतो, आणि कमी दृश्यमानतेत विमान उतरविण्याची साधने जेथे नाहीत किंवा बिघडलेली आहेत तेथे सारे वेळापत्रक कोलमडते. देशांतर्गत उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास उड्डाणे उशिरा होतात, असे तेथील नियंत्रकांच्याच आकडेवारीवरून दिसते.

हे आडगावाचेच चित्र आहे असेही नाही. खुद्द लागोस येथील देशांतर्गत विमानांच्या धावपट्टीवर दहा वर्षांहून अधिक काळ दिवे नव्हते. ते २०२२ अखेर लागले. तोवर संध्याकाळनंतर विमाने दूरच्या दुसऱ्या धावपट्टीवर उतरत आणि इंधन जाळीत जमिनीवरून रांगत येत. अबुजाला एकच धावपट्टी. ती दुरुस्तीच्या पलीकडे झिजल्यामुळे मार्च २०१७ मध्ये राजधानीचे विमानतळ सहा आठवडे बंद ठेवावे लागले; प्रवासी कडुनाला उतरून पोलीस बंदोबस्तात रस्त्याने किंवा गाडीने अबुजाला येत. देशाच्या राजधानीला हवाई मार्गाने पोहोचता येऊ नये, ही आपत्ती भूकंपाने आलेली नव्हती. धावपट्टीचे आयुष्य किती हे ती बांधली तेव्हाच ठाऊक होते.

तिकीट कोणाला परवडते?

या सर्वांची बेरीज तिकिटावर छापली जाते. २०२२ च्या आरंभी कंपन्यांनी एका बाजूच्या साध्या तिकिटाचा किमान दर ५०,००० नायरा केला. त्या वेळी देशातील किमान मासिक वेतन ३०,००० नायरा होते. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन ७०,००० झाले. तोवर तिकीट एक लाखाच्या पलीकडे गेले होते. शिक्षकाला किंवा कारकुनाला आजारी आईला पाहण्यासाठी लागोसहून मैदुगुरीला जावयाचे असेल, तर त्याच्यापुढे दोनच पर्याय: महिन्याभराच्या पगारावर पाणी सोडणे, किंवा भयाच्या रस्त्याने जाणे. प्रवासी थोडे म्हणून दर जास्त, आणि दर जास्त म्हणून प्रवासी थोडे. हे चक्र कोठे तरी फोडावे लागेल.

ते फुटू शकते याच्या खुणा आहेत. आक्वा इबोम या राज्याने २०१९ मध्ये स्वतःची इबोम एअर ही कंपनी काढली. मालक सरकारच, पण विमाने थोडी, एकाच धाटणीची, कारभार व्यावसायिकांच्या हाती आणि वेळापत्रक पाळण्याचा आग्रह. थोड्याच काळात वक्तशीरपणासाठी तिचे नाव घेतले जाऊ लागले. २०१४ मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या एअर पीस या खाजगी कंपनीने मोठ्या विमानांबरोबरच नवी, मध्यम आकाराची विमाने घेतली आणि ती देशातील सर्वांत मोठी कंपनी झाली. यावरून सरकारी की खाजगी हा वाद दुय्यम ठरतो. मार्गाला साजेसे विमान आणि हस्तक्षेपापासून मोकळा कारभार या दोन गोष्टी जेथे जमल्या तेथे फळ मिळाले.

भारताच्या ‘उडान’ योजनेचाही येथे विचार करता येईल. मोठ्या मार्गांवरील विमानांकडून थोडी आकारणी घेऊन छोट्या मार्गांच्या तोट्याला मुदतीपुरती मदत करावयाची, ही तिची कल्पना. २७ एप्रिल २०१७ रोजी ती सुरू झाली तेव्हा शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबाद हाही मार्ग होता. तिचे कित्येक मार्ग मदत संपताच बंद पडले, हेही खरे. तेव्हा तिची नक्कल नको. पण पैसा नव्या इमारतींत ओतण्याऐवजी मार्ग जगविण्यासाठी वापरावा, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

नायजेरियाला काय करावे लागेल, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. नवे विमानतळ बांधण्याआधी असलेल्यांवर दिवे आणि उतरण्यास मदत करणारी यंत्रे बसविणे. इंधन टँकरऐवजी नळाने किंवा रेल्वेने पोहोचविणे. विमानांच्या मोठ्या तपासण्या देशातच होतील असे कारखाने वाढविणे. भाडेपट्ट्याचे करार पाळले जातील अशी न्यायालयीन शिस्त टिकविणे. आणि २००६ मध्ये नियंत्रकांना दिलेली स्वायत्तता कोणत्याही मंत्र्याच्या हाती पुन्हा जाऊ न देणे. यांतील एकाही कामाच्या उद्घाटनाला बँड लागत नाही, कोनशिला बसत नाही. कदाचित त्यामुळेच ती मागे पडत आली आहेत.

देशाची प्रतिष्ठा विमानाच्या शेपटीवरील रंगात असते, असे नव्या राष्ट्रांना वाटणे स्वाभाविक होते. पण २००५ मध्ये सुटीला घरी निघालेल्या त्या साठ मुलांना राष्ट्रीय कंपनी नको होती, संगमरवरी विमानतळही नको होते. वादळात धावपट्टीचे दिवे लागलेले असावेत आणि बाजूचे गटार झाकलेले असावे, एवढीच त्यांची राष्ट्राकडे मागणी होती. देशांतर्गत विमानवाहतुकीचा विकास म्हणजे अखेर ही मागणी रोज, प्रत्येक विमानतळावर, न चुकता पुरी करणे होय.